हरणासाठी लिव्हर-अ‍ॅक्शन रायफल: कागदपत्रांपासून पहिल्या गोळीपर्यंत

भारतात 1972 च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे. इथे अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनियात मात्र थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी हरणांचा रायफल-मोसम सुरू होतो आणि गावंच्या गावं रानात उतरतात. हरणासाठी ऑटोमॅटिक भरणाऱ्या रायफली इथे चालत नाहीत. म्हणून ट्रिगरजवळचा लिव्हर खाली-वर करून हाताने चालवायची लिव्हर-अ‍ॅक्शन घराघरांत टिकून आहे.

एच-1बी, एल-1 किंवा एफ-1 वर असाल, तर दुकानात जायच्या आधी हे वाचा. नॉनइमिग्रंट व्हिसावर बंदूकच काय, एक काडतूस जवळ ठेवणंही केंद्रीय गुन्हा आहे. एखाद्या राज्याचं चालू हंटिंग लायसन्स असेल तरच सूट मिळते. पेन्सिल्व्हेनियाचं लायसन्स 30 जूनला संपतं. नवं काढायला विसरलात, तर 1 जुलैला कपाटातली रायफल बेकायदा झाली म्हणून समजा. ग्रीनकार्डवाल्यांना ही अट नाही. पहिल्यांदा लायसन्स काढताना सुरक्षिततेचा कोर्स करावा लागतो. दुकानात पत्त्यासह सरकारी ओळखपत्र, आय-94 (अमेरिकेतल्या प्रवेशाची नोंद) चा नंबर आणि लायसन्स न्या. बंदूक विकत घेताना भरायचा केंद्रीय फॉर्म 4473 सावकाश, प्रत्येक प्रश्न वाचून भरा.

काडतूस .30-30 घ्या. 1895 पासून ते हरणासाठीच वापरलं जातंय. 150 किंवा 170 ग्रेन वजनाची गोळी पुरेशी. शेजारच्या ओहायोत जाणार असाल तर ते चालणार नाही. तिथे हरणासाठी सरळ पुंगळीचीच (जिचं पितळी नळकांडं तोंडाशी निमुळतं होत नाही अशी) काडतुसं लागतात, .44 मॅग्नम किंवा .45-70 सारखी. न्यू जर्सीत तर हरणावर अशी रायफल वापरताच येत नाही.

दुर्बीण लावायची असेल तर मार्लिन 336 बरी, कारण तिची रिकामी पुंगळी बाजूने उडते. जुन्या विंचेस्टर 94 ची वरून उडते, म्हणजे नेमकी दुर्बिणीच्या जागेतून. जुनी मार्लिन घेताना दुकानदाराला विचारून चार-पाच डमी काडतुसं भरून बघा. वर्षानुवर्षं वापरलेल्या रायफलीत लिव्हरच्या धारेने कॅरिअरच्या, म्हणजे काडतूस वर उचलून नळीच्या तोंडाशी नेणाऱ्या पट्टीच्या, पोटाला खाच पडते. मग मॅगझिनमधलं पुढचं काडतूस अवेळी निसटून कॅरिअरखाली शिरतं आणि लिव्हर मधेच अडकते.

नळीखालच्या मॅगझिनमध्ये काडतुसं एकामागे एक बसतात: एकाच्या गोळीचं टोक दुसऱ्याच्या टोपीला (आघाताने पेटणाऱ्या प्रायमरला) टेकलेलं. म्हणून गोळी चपट्या टोकाचीच हवी किंवा खास मऊ टोकाची. टणक टोकदार गोळीने धक्क्यासरशी मॅगझिनमध्येच स्फोट होऊ शकतो.

लिव्हर खाली आणि परत वर, दोन्ही वेळा शेवटपर्यंत, ठामपणे चालवा. हळुवार अर्धवट हिसका दिला की पुंगळी पूर्ण बाहेर पडत नाही. बहुतेक वेळा रायफल अडकते ती यामुळेच. सगळ्यात धोक्याचा क्षण म्हणजे भरलेल्या रायफलीचा घोडा अर्ध्या खाचेवर (हाफ-कॉक, म्हणजे घोडा अर्ध्यावर अडकून राहतो ती जागा) उतरवणं. अंगठा निसटला की गोळी सुटलीच. नळी मोकळ्या जमिनीकडे धरा. हातमोज्यांत किंवा गारठलेल्या बोटांनी हे करूच नका.

नेम 100 यार्डांवर जुळवा. वाळूची पिशवी लाकडी हातधरीखाली ठेवा, नळीखाली नको. तीन गोळ्या झाडल्या की थांबा. नळी बारीक, त्यात मॅगझिन तिला जखडलेलं; ती तापली की गोळ्या वर-खाली पसरतात आणि नेम बिघडल्यासारखा वाटतो. नेम धरायची मागची खाच गोळी जिकडे न्यायची तिकडे सरकवा, पुढची माशी उलट दिशेला. 200 यार्डांवर गोळी सात-आठ इंच खाली येते, त्यामुळे 150 यार्डांपलीकडे हरणावर गोळी घालणं मला मान्य नाही. जखमी होऊन पळालेलं हरीण तासन्‌तास तडफडतं.

हरीण आडवं उभं राहू द्या. पुढच्या पायाच्या किंचित मागे, छातीच्या खालच्या तिसऱ्या भागात नेम धरा. त्यामागे काय आहे ते आधी बघा. भगव्या जाकिटातला दुसरा शिकारी असू शकतो. डोकं, छाती आणि पाठ मिळून 250 चौरस इंच भगवा रंग तुमच्याही अंगावर कायद्याने लागतोच.

गोळी लागल्यावर लगेच धावू नका, अर्धा तास थांबा. गुलाबी, फेसाळ रक्त म्हणजे फुप्फुस, हरीण जवळच पडलेलं असतं. हिरवट, वासाचं द्रव दिसलं तर पोटाला लागलंय. तिथेच खूण करा आणि काही तासांनीच माग काढा. गाडीकडे परतताना चेंबर (नळीच्या मागच्या टोकाची काडतुसाची जागा) आणि मॅगझिन दोन्ही रिकामी करून, बोट घालून तपासा.