काड जाळायचं का गॅस करायचा?

काड, पाचट, पळाट्या, तुराट्या... पीक निघालं की मागे उरतं त्या सगळ्याला कचरा म्हणून मोकळं होतात लोक, आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं. 3 किलो कोरडं काड म्हणजे उष्णतेच्या हिशोबात जवळजवळ 2 किलो दगडी कोळसा आहे हो!

मग घोडं अडतं कुठे? तर उचलण्यात. सुट्टा पेंढा कवळाभर उचलून बघा, हात भरतात पण वजन काहीच लागत नाही, एका घनमीटरमध्ये 50-60 किलो बसला तरी खूप, म्हणजे ट्रक भरलेला दिसतो आणि आत बहुतेक हवाच. तोच दळून, दाबून पेलेट (बोटाएवढ्या घट्ट कांड्या) केल्या की तेवढ्याच जागेत 600 किलो सहज मावतो. पण त्याला ओलावा 10 टक्क्यांच्या आसपास लागतो, आणि कापणी झाली की पुढच्या पेरणीची घाई असते, त्या मोजक्या दिवसांत वाळवा, गोळा करा, गाठी बांधा, झाका. ओल्या गाठी रचून ठेवल्या तर आतून तापतात, बुरशी धरते, कधीकधी पेटतातसुद्धा.

जाळायचं म्हटलं तर राखेचा प्रश्न आहेच. भाताच्या पेंढ्यात 15-20 टक्के राखच निघते, त्यात बहुतेक सिलिका (वाळूत असते तीच), आणि काडातलं पोटॅशियम असं की त्याच्यामुळे राख लवकर वितळते आणि बॉयलरच्या नळ्यांवर खंगर धरून बसते, वरून क्लोरीन नळ्यांचं लोखंड खातं. यावर एक साधी गोष्ट म्हणजे पाऊस. पावसात भिजून परत वाळलेलं काड भट्टीला जास्त मानवतं, कारण पोटॅशियम, क्लोरीन बरंचसं धुऊन शेतातच राहतं.

माझं मत विचाराल तर जमेल तिथे गॅसच करा, म्हणजे काड बंद टाकीत कुजवून गोबरगॅससारखा बायोगॅस. जाळलं की नत्र धुरात गेलं, पण गॅसच्या टाकीत नत्र, स्फुरद, पालाश स्लरीत (गॅस निघाल्यावर उरलेल्या पातळ काल्यात) शिल्लक राहतात आणि परत शेतात टाकता येतात. अर्थात नुसतं काड टाकून चालत नाही, लिग्निनमुळे (काडाला कडकपणा देणारा घटक) ते लवकर कुजत नाही, वर तरंगून जाड थर धरतं, शिवाय त्यात एका भाग नत्रामागे 60-80 भाग कार्बन असतो आणि टाकीला हवा 20-30. म्हणून बारीक कुट्टी करायची, शेण मिसळायचं, धीर धरायचा.

आणि प्लीज, सगळंच्या सगळं उचलू नका. किती टन मिळेल हे मांडायच्या आधी जमिनीचा वाटा वजा करा. हलक्या, उताराच्या जमिनीवरचं काड तर मी कुणालाच उचलायला सांगणार नाही, तिथे वारा-पावसात माती धरून ठेवायला वर तेवढंच असतं.