बाटलीभर सांडपाणी, लाखभर माणसं

न्यू जर्सीत मी डॉक्टर म्हणून नोकरी करते, पण मला ओपीडी नाही. प्रिस्क्रिप्शन लिहायची वेळही क्वचितच येते. प्रतिबंधक वैद्यक, म्हणजे आपण एमबीबीएसला ज्याला पीएसएम म्हणायचो, ती माझी शाखा. आत्या अजूनही विचारते, "अगं, मग तू पेशंट बघतेस तरी कधी?" मी तिला सांगते, माझा पेशंट म्हणजे अख्खं गाव, आणि सध्या त्याची तपासणी गटारातून चालते.

हे अगदी शब्दशः खरं आहे. सांडपाणी प्रक्रिया केंद्रात पाणी आत शिरतं, तिथे एक यंत्र चोवीस तास थोडं थोडं पाणी बाटलीत जमा करत राहतं. ती बाटली थंड ठेवून प्रयोगशाळेत पाठवतात. तिथे विषाणू एकवटून घेतात, त्यांचा आरएनए, म्हणजे जनुकीय द्रव्य, वेगळा काढतात आणि पीसीआरवर मोजतात. अडचण अशी, की पावसाचं पाणी गटारात शिरून सांडपाणी पातळ झालं की आकडा उगाच कमी दिसतो. त्यावर तोडगा म्हणून सोबतीला आणखी एक विषाणू मोजतात. तो मिरचीच्या झाडाला रोग पाडतो; मिरची, सॉस, मसाला पोटात गेला की शौचावाटे भरपूर बाहेर पडतो आणि माणसाला काहीही करत नाही. तो किती सापडला यावरून बाटलीत मानवी मल किती आहे, याचा अंदाज येतो. ही युक्ती पहिल्यांदा समजली, तेव्हा मी हरखून गेले होते.

इथे या तपासणीचं मोल फार आहे. विमा नसलेला माणूस डॉक्टरकडे जायचं टाळतो. घरी केलेल्या चाचणीचा निकाल सहसा कुणाला कळवला जात नाही. बाटली मात्र नाव, कागदपत्रं, विमा काहीच विचारत नाही. सीडीसीने, म्हणजे अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेने, 2020 च्या सप्टेंबरमध्ये कोविडसाठी देशभराचं जाळं उभारायला घेतलं, ते यासाठीच. अर्थात सेप्टिक टँक असलेली घरं यातून सुटतात, आणि अमेरिकेत साधारण पाचवा हिस्सा घरं तशी आहेत.

शेजारच्या न्यूयॉर्क राज्यातल्या रॉकलँड काउंटीत जे घडलं, ते मी कधीच विसरणार नाही. 2022 च्या जूनमध्ये तिथल्या एका तरुणाचे पाय लुळे पडले. त्याने लस घेतलेली नव्हती. 21 जुलैला जाहीर झालं, की हा पोलिओ आहे. मग कोविडसाठी जपून ठेवलेले सांडपाण्याचे जुने नमुने बाहेर काढले, तर मे महिन्यातल्या पाण्यातही विषाणू निघाला. लंडन आणि जेरुसलेमच्या सांडपाण्यात सापडलेल्या विषाणूंशी त्याचं जनुकीय नातं जुळलं. पोलिओची लागण झालेल्या दर 200 जणांत साधारण एकालाच पक्षाघात होतो. इथे सापडलेल्या पोलिओ विषाणूच्या दोन क्रमांकाच्या प्रकारात तर त्याहूनही क्वचित. म्हणजे एक लुळा पाय दिसला, तेव्हा विषाणू कितीतरी पोटांतून फिरून आलेला होता.

हा मूळचा तोंडावाटे द्यायच्या लसीतला दुबळा विषाणू. लसीकरण कमी असलेल्या वस्तीत तो पोटापोटांतून फिरत राहिला, की बदलत बदलत पुन्हा जोर धरतो. रॉकलँडमध्ये दोन वर्षांच्या मुलांतलं पोलिओ लसीकरण तेव्हा जेमतेम 60 टक्के होतं. त्यामुळे गटारातून आलेल्या बातमीचा उपयोग एकच होता: लस घेऊन दारोदार जाणं, पालकांशी बोलणं. सप्टेंबरमध्ये आणीबाणी जाहीर झाली, तीही फार्मासिस्ट आणि सुईणींनाही लस टोचता यावी म्हणून.

यातलं काहीच मुंबईला नवीन नाही, हे मी इथल्या सहकाऱ्यांना अभिमानाने सांगते. मुंबईच्या सांडपाण्यात पोलिओचा शोध 2001 पासून सुरू आहे, परळच्या हाफकिन आवारातल्या प्रयोगशाळेने तो सुरू केला. शहरात रुग्ण नसतानाही पाण्यात विषाणू सापडायचा आणि जनुकांवरून त्याचा माग उत्तर भारतापर्यंत लागायचा. पण त्या निकालामागे पल्स पोलिओची फौज उभी होती: बूथ, करंगळीवरची शाईची खूण, भिंतीवर खडूने लिहिलेला पी किंवा एक्स. पी म्हणजे या घरातल्या मुलांना डोस मिळाला; एक्स म्हणजे या घरातलं मूल राहिलंय, पुन्हा यायचं. देशातला शेवटचा वन्य पोलिओचा, म्हणजे लसीतल्या नव्हे तर मूळ विषाणूचा, रुग्ण 13 जानेवारी 2011 चा, हावड्याचा. प्रयोगशाळा कितीही उत्तम असली, तरी त्या एक्सच्या दारी परत जाणारी बाई नसेल तर तपासणी कागदावरच राहते, असं माझं ठाम मत आहे. अमेरिकेकडे यंत्रं आहेत. तशी दारोदार जाणारी माणसं फारच कमी आहेत.

या शाखेत यायचं म्हणून बरीच मुलं लिहितात, त्यांच्यासाठी थोडक्यात. यूएसएमएलई, म्हणजे अमेरिकेतली डॉक्टरी परवान्याची परीक्षा, द्यावीच लागते. त्यानंतर एक वर्ष रुग्णालयात आणि दोन वर्षं प्रतिबंधक वैद्यकाची रेसिडेन्सी. एमपीएचचं, म्हणजे सार्वजनिक आरोग्यातल्या पदव्युत्तर पदवीचं, शिक्षण त्यातच होतं. जागा कमी, पगार शल्यविशारदांच्या जवळपासही नाही, आणि सरकारी निधी आटला की पदं जातात. सांख्यिकी नीट शिका, आर ही संगणकभाषा शिकून घ्या. आणि इंटर्नशिपमधले प्राथमिक आरोग्य केंद्रातले महिने सह्या करून संपवू नका. लसीच्या पेटीतला बर्फ संध्याकाळपर्यंत कसा टिकवायचा, नको म्हणणाऱ्या आजीला कसं समजवायचं, हे तिथल्या नर्सबाईंकडून शिका. मुलाखतीत मला सर्वाधिक प्रश्न त्याच दिवसांबद्दल विचारले गेले.