निःसंगाचा सांगातु

माघवारी आषाढीच्या उलट दिशेची. आषाढीला मुक्ताईची पालखी मुक्ताईनगरजवळच्या कोथळीहून पंढरीला जाते. माघ वद्य एकादशीला मात्र खानदेशातल्या गावोगावच्या दिंड्या मुक्ताईकडे येतात आणि महाशिवरात्रीपर्यंत चांगदेव-मुक्ताईची यात्रा भरते. आम्ही जळगावकडचे. नशिराबाद, भुसावळ, वरणगाव, मुक्ताईनगर असा हायवे धरून साठेक किलोमीटर. अंतर फार नाही, पण अंगावरून सुसाट जाणारे ट्रक, सावली जवळजवळ नाही आणि डांबर सकाळी दहालाच तापायला लागतं.

दुपारच्या विसाव्यात चिंतनाला एकच उतारा धरायचा, असा आमच्या दिंडीचा शिरस्ता आहे. यंदा ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय होता. 'माझा मराठाचि बोलु कौतुके' ही ओवी सगळ्यांना पाठ असते. तिच्यापुढे थोड्याच ओव्यांवर जे आहे ते मात्र घाईत वाचलं जातं: 'आइका यश श्री औदार्य । ज्ञान वैराग्य ऐश्वर्य । हे साही गुणवर्य । वसती जेथ', आणि लगेच 'म्हणौनि तो भगवंतु । जो निःसंगाचा सांगातु'. गीतेत पुन्हा पुन्हा 'श्रीभगवानुवाच' येतं. त्यातला 'भगवान' कोण, ते माउली या दोन ओव्यांत सांगून टाकतात.

याचं मूळ विष्णुपुराणात, सहाव्या अंशाच्या पाचव्या अध्यायात आहे. पराशर मैत्रेयाला सांगतात: 'ऐश्वर्यस्य समग्रस्य धर्मस्य यशसः श्रियः । ज्ञानवैराग्ययोश्चैव षण्णां भग इतीरणा'. या सहांना मिळून 'भग' म्हणतात आणि ते ज्याच्याजवळ आहेत तो भगवान. धनवान, विद्यावान तसाच हा शब्द. काही ठिकाणी 'धर्मस्य'च्या जागी 'वीर्यस्य' असा पाठ मिळतो. श्लोकातला सर्वांत वजनदार शब्द 'समग्रस्य' आहे. तो ऐश्वर्याला जोडलेला दिसतो, पण घ्यायचा साहींना. थोडं यश, थोडी श्री, थोडं ज्ञान पुष्कळांकडे असतं. साही गुण आणि साही पूर्ण, ही अट एकालाच लागू पडते.

इथे एक घोटाळा हमखास होतो, आणि कीर्तनातसुद्धा होतो म्हणून मला त्याची चीड येते. त्याच अध्यायात थोडं पुढे ज्ञान, शक्ती, बल, ऐश्वर्य, वीर्य, तेज अशी दुसरी सहांची यादी आहे. यातली तीन आणि त्यातली तीन उचलून 'षड्गुणैश्वर्य' म्हणून ठोकून देतात. दोन्ही याद्या खऱ्या, पण वेगवेगळ्या. पहिलीत वैराग्य आहे, दुसरीत नाही. वैराग्य गाळलं तर उरतो तो नुसता बलाढ्य राजा. सगळं ऐश्वर्य हाताशी असून त्यात न अडकणं, हे त्या पहिल्या यादीचं मर्म आहे.

भुसावळ सोडल्यावर दीपनगरच्या पट्ट्यात दिंडी तुटली. पुढच्यांनी पावली सोडून सरळ धावल्यासारखी चाल धरली की असंच होतं. विणेकरी ताशी चार किलोमीटरच्या वर गेला की शेवटच्या बायकांना पळावं लागतं आणि टाळ विस्कटतो. चोपदाराने ओरडूनही कोणी ऐकेना. त्यात एकाने गळ्यात अडकवलेल्या स्पीकरवर गाणी लावलेली. हरिनामाच्या वाटेवर इतका कर्कश गोंगाट मला सहन होत नाही.

वरणगावच्या अलीकडे आमच्यातल्या एका टाळकऱ्याची टाच गेली. नवे बूट, जाड एकेरी मोजे, आणि आत घाम. ओल्या कातडीवर मोजा घासतो, वरचा थर सुटतो आणि मध्ये पाणी धरतं. नवे बूट निदान महिनाभर आधीपासून वापरावेत. मोजे दोन पातळ घालावेत, म्हणजे घासणं मोज्या-मोज्यात होतं, कातडीवर येत नाही. दर विसाव्याला मोजे काढून पाय कोरडे करावेत. रस्त्याकडेच्या केळीच्या बागेजवळ एक घर दिसलं, तिथे त्याला धरून नेला. घरातल्या मावशींनी काही न विचारता अंगणातली खाट ओढून दिली आणि चुलीवर पाणी ठेवलं. जळणाला कपाशीच्या पऱ्हाट्या. त्या भडकतात तशा लगेच विझतात, म्हणून त्या चुलीपुढून हलल्याच नाहीत, मूठ-मूठ सारत राहिल्या.

साबणाने हात आणि टाच धुतली, कोरडी केली. सुई स्पिरिटने पुसून फोडाच्या खालच्या कडेला दोन ठिकाणी टोचली आणि कापसाने हलकं दाबून पाणी काढलं. वरची कातडी काढायची नाही. खालचं कोवळं मांस तीच झाकते. वारीत पुष्कळ जण सुईत दोरा ओवून तो फोडातच ठेवतात, म्हणजे पाणी झिरपत राहतं म्हणे. तसं करू नये. त्याच दोऱ्यावरून धूळ आत जाते आणि पू होतो. मधुमेह असलेल्याने तर सुई लावूच नये, सरळ दवाखाना गाठावा. मलम, गॉझ, चिकटपट्टी, वर कोरडा मोजा. ऊन उतरेपर्यंत चालायचं नाही, असं ठरलं.

तोवर मावशींचं लक्ष आमच्या गळ्यातल्या तुळशीच्या माळांकडे गेलं होतं. चुलीजवळ हिरव्या वांग्यांचं भरीत बडगीत, म्हणजे भरीत ठेचायच्या लाकडी भांड्यात, ठेचून तयार होतं, कांद्याची पात आणि लसूण घातलेलं. त्यांनी ते झाकून बाजूला सारलं. दोन वांगी नव्याने धुतली, तेल लावून त्याच पऱ्हाट्यांच्या आरावर ठेवली, साल काळी पडून सुटेपर्यंत फिरवत राहिल्या. बडगी घासून धुतली. हिरवी मिरची, मीठ, शेंगदाणे, वरून तेल. कांदा नाही, लसूण नाही. सोबत कळण्याची भाकरी, ज्वारीबरोबर सालीसकट उडीद दळलेल्या पिठाची. स्वतःचं जेवण त्यांनी आमच्यानंतर केलं, त्या पहिल्या भरिताशी. आमच्यातल्या एकाने पैसे पुढे केले तर म्हणाल्या, "ठेवा भाऊ, मुक्ताईले वाहा." टाळकऱ्याला ऊन उतरेपर्यंत उठू दिलं नाही.

विसाव्याचं चिंतन त्या दिवशी त्याच अंगणात झालं. विष्णुपुराण आणि ज्ञानेश्वरी शेजारी शेजारी ठेवली की एक फरक लगेच दिसतो. पुराणात 'धर्म' आहे, त्या जागी माउली 'औदार्य' घालतात. यश, श्री, ज्ञान, वैराग्य, ऐश्वर्य हे पाच तसेच. पुराण ऐश्वर्यापासून सुरू होतं, माउली ऐश्वर्य शेवटी नेतात. माझं मत असं, की देणं हा ज्याचा स्वभाव नाही त्याला भगवंत म्हणायला माउली तयार नाहीत. आणि 'भग' ज्या 'भज्' धातूचा, त्याचा एक अर्थच वाटून देणं, वाटा घेणं. भक्ती आणि भक्त त्याच धातूचे. वाटणारा आणि वाटेकरी, दोघांची नावं एकाच मुळातून आली.

त्याच पुराणात अक्षरांची फोडही आहे: 'भ' म्हणजे भरण करणारा, 'ग' म्हणजे नेणारा, चालवणारा, 'व' म्हणजे ज्यात सगळी भूतं वसतात तो. टाळकऱ्याला 'ग'चा अर्थ फार आवडला.

वरणगावचा मुक्काम, हरिपाठ, पहाटेचा काकडा, मुक्ताईनगरची वेस. कोथळीत दर्शनबारी लांबलचक.

बारीत चांगदेवांचा विषय निघाला. सिद्धींचं ऐश्वर्य त्यांच्याकडे किती होतं, ते वाघावर बसून येण्याच्या कथेतून सगळ्यांना ठाऊक आहे. यशही होतं. तरी कोरं पत्र पाठवावं लागलं आणि शेवटी लहानग्या मुक्ताईचं शिष्यत्व घ्यावं लागलं. सहातले दोन भरून वाहत होते, पण समग्र नव्हते. मागच्या मुलीने विचारलं, मग मुक्ताईला भगवती म्हणायचं का? पराशरांनी यालाही उत्तर दिलेलं आहे. हा शब्द मुख्य अर्थाने वासुदेवाचा, इतर पूज्यांना तो उपचाराने, आदराने लावतात. ऋषींनाही 'भगवन्' म्हणतात ते असंच. एक म्हातारबुवा ऐकत होते, त्यांना हे पटलं नाही. "आदिशक्तीला उपचार कसला?" म्हणाले आणि माझ्याशी बोलायचेच थांबले. बारी पुढे सरकली. त्यांचं म्हणणं मला खोडता आलं नाही, आणि खोडावंसंही वाटलं नाही.