सप्ताहाचं दळण

आमच्या गावचा अखंड हरिनाम सप्ताह चैत्रात असतो. अष्टमीला वीणापूजन होतं आणि पौर्णिमेला, हनुमान जयंतीच्या दिवशी, काला. रामनवमी मधेच येते. गाव गंगाखेड तालुक्यातलं, गोदावरीपासून थोडं आत. चैत्रापर्यंत रब्बीची ज्वारी घरात आलेली असते, कडब्याच्या गंजी रचून झालेल्या असतात आणि पेरणीला अजून दोन महिने अवकाश असतो. आमच्या भागात गावोगावचे सप्ताह माघ ते चैत्र या दिवसांत का येतात, याचं उत्तर पंचांगाइतकंच खळ्यावरही आहे. कणगीत दाणा असला की माणसाचा हात मोकळा होतो.

भजनी मंडळाची बैठक पाडव्याला मारुतीच्या पारावर बसायची. मंडळाचे अध्यक्ष, ज्यांना सगळं गाव अण्णा म्हणायचं, एक लांबट वही मांडीवर घेऊन बसत. त्या वहीत रुपये-पैसे कमी आणि कामं जास्त असायची. ‘दळण’, ‘पाणी’, ‘पताका’, ‘मृदंग’, ‘तुरीची डाळ दोन पायल्या’, ‘जळण एक बैलगाडी’, ‘रात्रीचा पहारा’ असं लिहून पुढं नाव. अण्णा कुणाला मागत नसत. वही उघडायची आणि थांबायचं, एवढंच. एकेक माणूस उठून आपलं काय ते सांगायचा. शिंपी म्हणायचा पताका माझ्या, सुतारकाका म्हणायचे व्यासपीठाचा पाय हलतोय तो मी बघतो, कुंभारवाड्यातून माठ आणि काल्याची हंडी ठरलेली. एखादा गप्प बसला तर त्याच्याकडं कुणी बघायचं नाही, हा अण्णांचा दंडक. लहानपणी मला यात विशेष वाटलं नव्हतं. आज वाटतं की सप्ताहातली सगळ्यात मोठी गोष्ट तीच होती.

दळण चाचांचं. गावात पिठाची एकच गिरणी आणि ती चाचांची. सप्ताहाचे गहू आणि डाळ दळायला पोती निघायची. वीज कधी रात्री अकराला यायची, कधी दोनला. चाचा गिरणीतच सतरंजी टाकून झोपत आणि दिवा लागला की उठून पट्टा चढवत. आम्ही पोरं पोती धरायला जायचो, तेव्हा त्यांच्या भुवया पिठानं पांढऱ्या झालेल्या असत. वडिलांनी एकदा पैशाचं विचारलं तर म्हणाले, “मास्तर, माझ्या घरचं दळण मी कुणाच्या खात्यावर मांडतो का?” पुन्हा कुणी विचारलं नाही.

मृदंग वाजवणारे होते एका वाड्यावरचे सालगडी. वर्षभर त्यांच्या हातात नांगर, विळा, बैलाचा कासरा. या दिवसांत मालक त्यांना मोकळं सोडत आणि साल कापत नसत, हेही दानच म्हणायला हवं. ते देवळामागच्या चुलीपाशी यायचे आणि स्वयंपाकाच्या मामींकडून कणकेचा गोळा मागून घ्यायचे. मृदंगाच्या डाव्या अंगाला ओली कणीक लावल्याशिवाय तो घुमत नाही. उजव्या अंगाला शाई असते, ती कायमची, पण कणीक दर वेळी ताजी लागते. मामी त्यांच्यासाठी वेगळी, घट्ट कणीक मळून ओल्या फडक्याखाली ठेवायच्या. “जरा मऊ झाली का हो?” विचारायच्या. मग रात्रीच्या कीर्तनात ‘जय जय रामकृष्ण हरी’ला थाप पडली की त्या चुलीपाशी बसूनच मान हलवायच्या. त्या नादात त्यांचा वाटा होता आणि तो त्यांना कळत होता.

सप्ताहाचा दिवस कसा जायचा ते मराठवाड्यातल्या माणसाला सांगायला नको. पहाटे चारला काकडा, मग विष्णुसहस्रनाम, सकाळी ज्ञानेश्वरीचं पारायण, दुपारी गाथाभजन आणि प्रवचन, सांजेला हरिपाठ, रात्री नऊला कीर्तन आणि पुढं उजाडेपर्यंत जागर. या सगळ्यात वीणा खाली ठेवायची नाही. दोन-दोन तासांचे पहारे, आणि एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात. रात्री दोन ते चारचा पहारा कुणाला नको असायचा. तो घ्यायचे आमच्या गल्लीतले एक आबा. त्यांना चाल धरता येत नव्हती, टाळात ते चुकायचे. पण उभं आयुष्य त्यांनी शेतावर जागल केली होती, रानडुकरांपासून पिकं राखली होती. बैठकीत ते म्हणाले होते, “मला गाता येत नाही अण्णा, पर जागता येतंय.” अण्णांनी लिहून घेतलं. मी एकदा झोपमोड होऊन बाहेर आलो तर देवळात ते एकटे उभे, वीणा छातीशी, पुटपुटणं चालू. मंडपात पाच-सहा माणसं झोपलेली. गावासाठी कुणीतरी जागं आहे, या भरवशावर मी परत जाऊन निजलो.

पारायणाला बसणाऱ्यांत बाया जास्त. आमची चुलत आजी निरक्षर होती, पण सतत ऐकून तिला ओव्यांच्या ओव्या पाठ झालेल्या. व्यासपीठचालकांचा श्वास कमी पडला की तिचा आवाज पुढं जाई. आपण आज जी पोथी समोर ठेवतो तिचे पाठ शुद्ध करण्याचं काम एकनाथ महाराजांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली केलं, तेही आमच्याच गोदाकाठी, पैठणचे म्हणून. नाथांची विद्वत्ता आणि आजीचं ते नुसतं ऐकून धरून ठेवणं, दोन्ही एकाच पोथीच्या कामी आलं, असं मी मानतो. सातव्या दिवशी अठरावा अध्याय येतो. त्यात माउली सांगतात की आपल्या वाट्याला आलेल्या कर्माच्या फुलांनी त्या सर्वात्मक ईश्वराची पूजा केली की तो अपार संतोष पावतो. त्या ओवीला आजी हात जोडायची. आणि आमच्या मुलखाकडं पाहिलं तर हे पटतंही: नर्सीचे नामदेव शिंपी, तेरचे गोरोबा कुंभार, आणि आमच्या गंगाखेडची जनाबाई तर दळण-कांडण करणारी. विठ्ठल तिच्या जात्याला हात लावतो ही गोष्ट कीर्तनात आली की बायांच्या बाजूनं हमखास पदर डोळ्यांना लागायचे.

काल्याची पंगत म्हणजे गावाची कसोटी. बुंदी, वरण, भात देवळामागं शिजे. पोळ्या मात्र घराघरांतून यायच्या. सकाळी बैलगाडी गल्लीगल्लीतून फिरायची आणि टोपल्या भरून यायच्या. कुणाच्या घरून पन्नास, कुणाच्या घरून पाच. गाडीत पडल्यावर कुठली कुणाची, ते ओळखू येत नसे. असंच काम फार मोठ्या प्रमाणावर बघायचं तर श्रावणातला सराला बेटाच्या गंगागिरी महाराजांचा सप्ताह बघावा. तिथं गावंच्या गावं भाकरी घेऊन येतात आणि आमटीबरोबर ती सगळ्यांच्या पानात पडते.

पंगतीबद्दल एक सांगितलंच पाहिजे. आजीच्या सांगण्यानुसार पूर्वी दिंडीत हलगी वाजवणाऱ्यांना मंडपाच्या कडेला, सगळ्यांचं झाल्यावर जेवायला बसवत. ज्यांच्या वाजवण्यावर दिंडी चालायची त्यांचं पान शेवटी. एका वर्षी काल्याच्या कीर्तनानंतर अण्णांनी स्वतः वरणाची बादली उचलली आणि त्या कडेपासून वाढायला सुरुवात केली. काही माणसं उठून गेली. अण्णांनी मागं वळून पाहिलं नाही. दुसऱ्या वर्षी त्यातली बरीचशी परत आली. माझ्या आठवणीत पंगत एकच आहे, आणि ती तशी आठवता येते हे अण्णांमुळं.

1993 साली गणपती बोळवून आम्ही झोपलो आणि 30 सप्टेंबरच्या पहाटे मांडणीवरची भांडी वाजली. दिवस वर येता येता रेडिओवर भूकंपाची बातमी आणि किल्लारीचं नाव आलं. सप्ताहाच्या कढया, पातेली, झारे देवळाच्या खोलीत कुलुपात असत. अण्णांनी कुलूप काढलं आणि पारावर वही उघडली. चैत्र नव्हता, पाडवा नव्हता, पण माणसं तशीच एकेक उठली. चाचांनी ज्वारी दळली. बायांनी रात्रभर भाकरी थापल्या, कारण पोळीपेक्षा भाकरी टिकते, आणि जवसाची, शेंगदाण्याची चटणी कुटून दिली. टेम्पोत कढया, जळण आणि स्वयंपाकी माणसं बसून किल्लारी-सास्तूरच्या बाजूला गेली. वडीलही गेले होते. तिथलं त्यांनी कधी फारसं सांगितलं नाही. एवढंच म्हणाले की बुंदीच्या कढईत खिचडी चांगली होते. पुढच्या चैत्रात त्याच कढया घासून पुन्हा चुलीवर चढल्या, आणि त्या वर्षीच्या काल्याला अण्णांना कीर्तनात उभं राहून बोलायला सांगितलं तर त्यांना बोलता आलं नाही.

आता मंडपात फ्लेक्स लागतो, त्यावर देणगीदारांचे फोटो आणि रकमा. नामवंत कीर्तनकारांच्या तारखा आधीच घ्याव्या लागतात. कीर्तनकाराला सन्मानानं बिदागी द्यावी, यात दुमत नाही. तोही गावोगाव हिंडतो, त्यालाही घर आहे. पण मोठा आकडा कबूल करायचा आणि तो भरून काढायला घरामागं वर्गणी बसवायची, हे मला मुळीच मान्य नाही. ज्याचं सोयाबीन पावसानं गेलं तो माणूस वर्गणी देता येत नाही म्हणून ते आठ दिवस देवळाकडं फिरकत नाही. हे मी पाहिलंय, आणि त्या वर्षी कीर्तन कितीही रंगलं तरी मला गोड लागलं नाही.

मंडळातल्या पोरांशी यावर बरंच बोलणं झालं. ती ऐकणारी आहेत. वर्गणी बंद झाली, फ्लेक्सवरून रकमा गेल्या, आणि पाडव्याला वही पुन्हा निघू लागली. तिच्यात आता नव्या नोंदी असतात: ‘साउंड’, ‘मोबाइलवरून थेट कीर्तन’, ‘गाड्या लावणं’, ‘म्हाताऱ्या माणसांचं बीपी तपासणं’. ही शेवटची परभणीला दवाखान्यात नर्स असलेल्या गावच्या लेकीची. ती सुट्टी काढून येते आणि मंडपाच्या दाराशी टेबल मांडते. चाचांचा मुलगा दळण अजून लिहून ठेवत नाही. पुण्याला कंपनीत असलेली पोरं रात्रीचे पहारे वाटून घेतात.

यंदा ज्याला यायचं असेल त्यानं काल्याच्या आदल्या रात्रीच यावं. बुंदी रात्री पाडतात, आणि माणसं सगळ्यात जास्त तेव्हाच लागतात.