एका पौंडाचा टेलिफोन बूथ

इंग्लंडच्या श्रॉपशायरमधल्या आमच्या गावात साठेक घरं. चर्च आहे, पब आहे, व्हिलेज हॉल आहे. दुकान कधीच बंद झालं. पोस्टाची गाडी आठवड्यातून एकदा हॉलसमोर येऊन थांबते. लडलो हे शहर नऊ मैलांवर. दोन वर्षांपूर्वी शेजारचे आजोबा बागेत कोसळले. ९९९ ला फोन लावून ॲम्ब्युलन्स येईपर्यंत मी त्यांची छाती दाबत राहिले. ते गेले. हृदय बंद पडल्यावर शॉक आणि छातीदाब न मिळता गेलेलं प्रत्येक मिनिट जगण्याची शक्यता सुमारे दहा टक्क्यांनी कमी करतं, हे मला नंतर कळलं. गावात डिफिब्रिलेटर, म्हणजे हृदयाला असा शॉक देणारं यंत्र, हवाच, हे त्याच आठवड्यात मनाशी पक्कं केलं.

जागा समोरच होती. हॉलजवळचा लाल टेलिफोन बूथ वर्षानुवर्षं कुणी वापरला नव्हता. वास्तुविशारद जाइल्स गिल्बर्ट स्कॉट यांनी १९३५ मध्ये राजा पाचव्या जॉर्जच्या रौप्यमहोत्सवासाठी जो 'के-सिक्स' आखला, तोच हा ओतीव लोखंडाचा नमुना. असे बूथ बीटी ही टेलिफोन कंपनी एका पौंडाला गावाच्या ताब्यात देते. मी लगेच विचारणा केली, पण बूथ स्वतःच्या जमिनीवर नसेल तर एकट्या माणसाला तो मिळत नाही; अर्ज पॅरिश कौन्सिलने किंवा नोंदणीकृत धर्मादाय संस्थेने करावा लागतो.

पॅरिश कौन्सिल म्हणजे साधारण आपली ग्रामपंचायत. बैठकीत गावकऱ्यांसाठी राखलेल्या वेळेत मी बोलले, पण ठराव झाला नाही. विषय अजेंड्यावर असल्याशिवाय आणि अजेंडा तीन पूर्ण दिवस आधी लावल्याशिवाय निर्णय घेता येत नाही. दोन महिने थांबले. पुढच्या बैठकीत अध्यक्षबाईंनी एकच विचारलं, "रंगकाम कोण करणार?" मी हात वर केला, माझ्यामागे आणखी चौघांनी.

रंगकामाला सगळ्यात जास्त वेळ गेला. जुन्या थरांत शिसं असू शकतं, म्हणून कोरडं घासायचं नाही. पाणी मारून, मास्क लावून हळूहळू खरवडायचं. छपराखालच्या चारही मुकुटांना बारीक ब्रश लागला.

यंत्राचे पैसे जमवायला हॉलमध्ये चहा-केकची दुपार ठेवली. मी बटाटेवडे केले होते. यंत्र आणि थंडीत गरम राहणारी पेटी कौन्सिलच्या नावावर घेतली, त्यामुळे भरलेला व्हॅट परत मिळाला. गावात असं यंत्र बसवू पाहणाऱ्या कुणालाही मी हेच सांगेन: खरेदी कौन्सिललाच करू द्या.

यंत्र बसवलं की काम झालं, असं मी धरून चालले होते. पण ब्रिटिश हार्ट फाउंडेशनच्या 'द सर्किट' या डिफिब्रिलेटरच्या यादीत ते नोंदवलं नाही, तर ९९९ वरच्या माणसाला ते तिथे आहे हे दिसतच नाही. नोंदणी करताना देखभाल करणाऱ्याचं नाव विचारतात. मी माझं दिलं. आता ठरलेल्या दिवशी बूथचं जड दार ओढते, यंत्रावरचा हिरवा दिवा आणि छातीला चिकटवायच्या पॅडची मुदत पाहते, घरी येऊन नोंद करते. आजोबांच्या पत्नी खिडकीतून बघत असतात. परवा त्या स्वतः आल्या आणि म्हणाल्या, "पेटी कशी उघडायची, मलाही दाखव."