मेळाव्यातल्या भिंती

आमच्या चित्रकला मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात भाषणं थोडी आणि भिंती भरपूर. प्रत्येकाने वर्षभरातलं एकच चित्र आणायचं, ही पहिल्यापासूनची रीत. ते एक निवडताना जीव मेटाकुटीला यायचा. पण वर्षभर आपण नेमकं काय शोधत होतो, ते त्या निवडीतच कळायचं.

सकाळी चित्रं टांगायची धांदल. कोणतं चित्र कुणाशेजारी लावायचं हे आमच्या ज्येष्ठ बाई ठरवत. माझं करड्या आभाळाचं निसर्गचित्र त्यांनी एकदा मुद्दाम एका झळझळीत नारिंगी स्थिरचित्राला खेटून लावलं. बघता बघता माझा करडा चक्क निळसर दिसायला लागला! शेजारचा रंग आपल्या रंगाचं रूप पालटतो, हे शेव्हरल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८३९ साली ग्रंथात मांडलं होतं. मला ते बाईंनी भिंतीवर दाखवलं. तेव्हापासून एकटा रंग मला दिसतच नाही.

दुपारचं जलरंगाचं प्रात्यक्षिक म्हणजे माझा जीव की प्राण. सरांभोवती आम्ही लहानथोर कोंडाळं करून बसायचो. ओल्या कागदावर ते अल्ट्रामरीन हा गडद निळा आणि बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी रंग सोडत. दोन्ही एकमेकांत मिसळून जो करडा उमटे, त्याची सर ट्यूबमधल्या तयार करड्याला येत नाही. मग हात मांडीवर ठेवून ते नुसते थांबत. पाण्याची चकाकी गेलेली, कागद मात्र अजून दमट, अशा नेमक्या वेळी दूरची झाडं टेकवत. घाई केली तर रंग वाहतो, उशीर झाला तर कडा कडक येते. सर हे कधी समजावत बसले नाहीत. आम्ही त्यांचं थांबणं बघत राहिलो, दरवर्षी. माझ्या हाताला ते कळायला फार काळ लागला, आणि कळलं तेव्हाचा आनंद मी शब्दांत सांगू शकत नाही.

एका मेळाव्यात संध्याकाळी पडद्यावर रेम्ब्रां या डच चित्रकाराची आत्मचित्रं ओळीने दाखवली. ऐन विशीतल्या चित्रांपासून थेट १६६९ पर्यंतची, म्हणजे त्याच्या मृत्यूच्या वर्षातली. शेवटच्या चित्रांतला तो जाड रंग, सुरकुत्यांवर थांबलेला उजेड! दिवे लागल्यावर सत्तरीतल्या एक काकू म्हणाल्या, "म्हणजे आपली वेळ अजून गेलेली नाही." पुढच्या वर्षी त्यांनी तैलरंगातला स्वतःचा चेहरा आणला. त्या वर्षीच्या भिंतीवर त्याच्या तोडीचं दुसरं चित्र नव्हतं.

अलीकडे मुलांची चित्रं लावायचं काम माझ्याकडे आलंय. मी ती मुलांच्याच डोळ्यांच्या उंचीवर लावतो, त्यामुळे मोठ्यांना वाकावं लागतं. वाकलेला माणूस चित्रासमोर जास्त वेळ थांबतो. आणि तो थांबला, की बाजूला उभं असलेलं पोर लगेच सांगू लागतं: घोडा धावतोय ना, म्हणून त्याला आठ पाय आहेत.