मारबत अपडेट: भुणभुण गेली, जाताना डिमर घेऊन गेली

सापडली राजे हो, एकदाची सापडली! आम्ही नागपूरच्या मारबतीची (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इडा पिडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्यांची मिरवणूक, शेवटी त्यांचं दहन) गोष्ट रेतीचित्रं आणि गिटारवर सांगतो, आणि त्यात स्पीकरमधून सारखी भुणभुण यायची. मागच्या वेळी ज्या भुणभुणीबद्दल एवढं रडलो होतो ती अँपची नव्हती, गिटारची नव्हती, हॉलच्या वायरिंगची पण नव्हती. ती ताईच्या काचेखालच्या एलईडी पट्टीच्या डिमरमधून येत होती.

सेटअप तोच आहे, मी गिटारवर (तारा डी-ए-डी-जी-ए-डी अशा लावलेल्या), ताई खालून उजेड असलेल्या काचेवर रेतीनं चित्रं काढते, काकाजी माइकवर कथा सांगतात, आणि वरच्या कॅमेऱ्यातून काच मागच्या पडद्यावर. आता सीन असा, की मारबतीच्या आदल्या रात्री गल्ली झोपलीय, ताई हळूहळू काचेखालचा लाइट उतरवते, मी नुसता खालचा डी सोडतो, काकाजी आवाज एकदम बारीक करतात, आणि नेमकं तिथंच स्पीकरमधून झूंऽऽ. काकाजी माइकवरच म्हणाले, "अबे हा भुंगा कायले घुसला मधात? मी बोलून रायलो त हा बी बोलून रायला." सोसायटीची पोरं हसून हसून लोळली, तो सीन तिथंच मेला.

लाइट बंद केला तर शांत. फुल केला तरी शांत! मधात कुठंही ठेवला की झूं, आणि जितकं डिम करत जावं तितका त्याचा सूर अजून कर्कश. इथंच ट्यूब पेटली. हे स्वस्तातले डिमर करंट कमी करतच नाहीत, पट्टी सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करतात, डोळ्याला ते मंद दिसतं, पण माझ्या गिटारच्या साउंडहोलमधल्या सिंगल कॉइलला (तारांचा आवाज चुंबकानं पकडणारा पिकअप) प्रत्येक चालू-बंद ऐकू येतं. फुलवर पट्टी सलग चालू असते म्हणून आवाज नाही. पडद्यावर जे काळे पट्टे सरकायचे, ज्यासाठी मी कॅमेऱ्याला शिव्या घालत होतो, ते पण ह्याच्याचमुळे.

मग उपाय सुरू. गिटार काचेकडून आडवी फिरवली की आवाज पार कमी होतो, पण मग मला प्रेक्षकांकडे पाठ करून बसावं लागतं. काचेच्या पेटीला आतून अॅल्युमिनियम फॉइल लावून अर्थ केली, थोडा फरक, पण कॉइल पकडते चुंबकीय गडबड आणि ती फॉइलला कुठं जुमानते. वायरवर फेराइट रिंग (गडबड दाबणारं कडं) लावली, फरक नावापुरता. पिएझोवर (चुंबकाऐवजी थरथर पकडणारा दुसरा पिकअप) गेलो तर भुणभुण जवळपास गायब, पण माझा पिएझो जोरात वाजवला की पत्र्यासारखा वाजतो आणि अर्ध्या तासाच्या कथेत तो आवाज मलाच सहन होत नाही.

त्यात ह्या झूंच्या खाली अजून एक जाडा हम दबून बसला होता. क्लिप ट्यूनर लावून बघितला तर जी दाखवतो, थोडा चढा. बरोबरच आहे, आपली लाइन ५० हर्ट्झची, तिची दुप्पट १००, आणि जी येतो ९८ वर. डी ला सा धरलं तर हा झाला बेसूर मध्यम, आणि काकाजी नकळत तोच सूर पकडून गायला लागले होते!! लॅपटॉपचा चार्जर काढला तर हम गायब, म्हणजे ग्राउंड लूप (दोन वाटांनी अर्थ जोडली गेली की होणारी गडबड). ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स (गिटार आणि साउंड सिस्टिमच्या मधला जोडडबा) मधात टाकला, त्याचं अर्थची जोडणी सोडवणारं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबलं, आता चार्जर लावूनही शांत. आणि कोणी सांगितलं ना की प्लगची अर्थिंगची पिन तोडून टाक, हम जातो, तर त्याचं ऐकू नका, हम जाईल आणि एखाद्या दिवशी तुम्ही पण जाल.

केबलचं पण सांगूनच टाकतो. बर्डीवरच्या एका दुकानातून 'प्युअर कॉपर' म्हणून घेतलेली केबल उघडली तर आत शील्डच्या (बाहेरची गडबड अडवणारी तारांची जाळी) नावानं मोजून चार केस. तयार केबल घेणं मी आता बंद केलंय, वायर आणि जॅक वेगळे घ्या, घरी सोल्डर करा, स्वस्तही पडतं.

तर डिमर. माझा प्लॅन होता की कॉन्स्टंट करंटवाला, खरोखर करंट कमी करणारा ड्रायव्हर मागवायचा. कार्टमध्ये टाकला पण होता. तेवढ्यात ताई म्हणाली, "लाइट कमी करायचीच काय गरज आहे? रात्र म्हणजे रेती." आणि कन्हानची ती चाळलेली रेती (पावसाळ्यात दमट होऊन काचेला चिकटते, म्हणून कढईत भाजून घेतो) ओंजळीनं पूर्ण काचेवर पसरली. पडदा काळा. लाइट फुल, स्पीकर गप. मग तिनं करंगळीच्या टोकानं एक गोल काढला आणि चंद्र उगवला, अंगठ्यानं खाली दोन उभे फराटे मारले तर खिडक्या. मी गिटार धरून नुसता बघतच राहिलो. डिम होण्यापेक्षा हे कितीतरी भारी आहे, कारण आधी रात्र बटणानं व्हायची, आता ती लोकांसमोर हातानं होते.

पण ह्यानं माझं म्युझिक उलटं झालं. आधी मी विरळ होत जायचो, आता रेती पडताना लूपरवर (वाजवलेलं पुन्हा पुन्हा वाजवणारं पेडल) थर चढवतो आणि ती रेषा ओढायला लागली की एकेक थर काढतो. चित्र बदलताना काच पुसायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ कथा अडते, त्याचंही उत्तर ह्यातच मिळालं. पिंगुळीच्या चित्रकथीत (कोकणातली चित्रं दाखवत गोष्ट सांगायची कला) बघा, चित्र बदललं तरी वीणा, टाळ, हुडुक चालूच असतात, तसं आता पुसतानाही लूप चालू आणि काकाजींची हाळी त्याच्यावर, "इडा पिडा घेऊन जा गे मारबत!"

मिरवणुकीचा ताशा गिटारवरच जमला हे सांगायचंच राहिलं! पाचवी आणि सहावी तार एकमेकींवरून ओढून नवव्या फ्रेटवर एकत्र दाबायच्या, छेडलं की स्नेअरसारखा चर्र आवाज येतो. तळहातानं बॉडीवर ठोका दिला की ढोल. काकाजी पहिल्यांदाच मान डोलवून म्हणाले, "हे जमलं बाप्पा."

आता अडलंय पिवळ्या मारबतीवर. काळी सोपी, १८८१ पासूनची मानाची, रेतीत ती उठून दिसते आणि इंग्रजांना मिळालेल्या भोसल्यांच्या बांकाबाईची गोष्ट काकाजी रंगवून सांगतात. पिवळी १८८५ ची, तिच्यासाठी ताईनं काचेवर हळद टाकली आणि पडद्यावर हळद पण काळीच! खालून लाइट असला की पावडर कोणतीही असो, प्रकाश अडवते, रंग दिसत नाही. म्हणून काचेखाली पिवळा जिलेटीन पेपर सरकवायचं ठरलं होतं, आणि दहनाच्या वेळी लाल.

पण हे टाइप करता करता डोक्यात आलं, खालचा लाइट बंदच करून वरून तिरपा एक साधा बल्ब मारला तर? मग हळद पिवळी दिसायलाच पाहिजे, आणि काळी मारबत खालच्या उजेडात, पिवळी वरच्या उजेडात, अख्खी काचच पालटेल. काचेत बल्ब चमकून कॅमेऱ्यात येऊ शकतो, म्हणून तो ४५ अंशांच्या आसपास बाजूला ठेवून बघतो. ताईला अजून सांगितलं नाही, हळदीचा डबा आईच्या स्वयंपाकघरातून परत उचलावा लागणार. जिलेटीन पेपर फक्त दहनाला ठेवू. ड्रायव्हर कार्टमधून काढून टाकला, त्या पैशात अजून एक डीआय बॉक्स येतो, काकाजींच्या हार्मोनियमच्या पिकअपला लागणारच आहे. वरून लाइट मारून काचेवर कोणी काम केलं असेल तर कॅमेरा कसा लावला ते सांगा, पोळ्याच्या आधी एक पूर्ण रन करायचाय.